चिरंजीवाला नोटीस

१ ऑगस्ट १८७२ या तारखेची एक नोटीस आहे. काढणारा पुण्याच्या जुन्या गंजात राहणारा. खाली घराच्या नंबरासकट पत्ता दिला आहे. जिच्या नावानं काढली ती असामी म्हणजे परशुराम. आदिनारायणाचा अवतार, मुक्काम सर्वत्र. मजकुराचा मथितार्थ असा की, ब्राह्मण सांगतात त्याप्रमाणे तू चिरंजीव आहेस, म्हणजे आजही कुठे ना कुठे असणारच; तर ही नोटीस पोचल्यापासून सहा महिन्यांच्या आत हजर हो. न आलास तर लोकांनी काय समजायचं ते लोक समजतील.

महात्मा फुल्यांच्या १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त ही नोटीस आहे. पुस्तकाचं नाव एवढं भारदस्त की कॉलेजात असताना मी ते जरा दबकतच उघडलं होतं. नोटिशीपाशी आले आणि वाचनालयात, शेजारी कुणी तरी स्पर्धा परीक्षेची घोकंपट्टी करत बसलेलं असताना, फस्सकन हसू आलं. त्याचं एक कारण खाजगी होतं. मी कुडाळ तालुक्यातली. आमचं अख्खं कोकण परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवून काढलं, हे आम्हाला बाळगुटीबरोबर पाजलेलं. म्हणजे सातबाऱ्याच्याही आधीचा मालक. आणि त्या मालकाला पुण्याहून कुणी तरी मुदतीची नोटीस धाडतंय!

हसू ओसरल्यावर त्यातली करामत दिसायला लागते. नोटिशीत फुल्यांनी परशुरामाला शिव्या दिलेल्या नाहीत. तो नव्हताच, असंही म्हटलेलं नाही. उलट समोरच्याचं म्हणणं त्यांनी शब्दशः मान्य केलं. चिरंजीव ना? ठीक आहे, या मग. इंग्रज सरकार कुळाला, सावकाराला, इनामदाराला जसा कागद धाडतं तसा कागद त्यांनी अवताराला धाडला आणि कचेरीतला नियम पुराणाला लावला. बास. पुढचं काम कागद करतो.

त्याच पुस्तकात मत्स्य आणि कच्छ हे अवतार समुद्रातून गलबतांनी आलेल्या टोळ्यांचे म्होरके होऊन बसतात, आणि वामनाच्या गोष्टीत नायक ठरतो तो बळी. त्यातल्या इतिहासावर अभ्यासकांनी काय म्हणायचं ते म्हणोत, मला त्यातला आधार बघून मौज वाटते. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे बायका ओवाळताना आधीपासून म्हणतच होत्या. ज्याला वामनानं पाताळात घातलं त्याचंच राज्य मागताय, तर मग गोष्टीत तुम्ही कुणाच्या बाजूला आहात, एवढाच प्रश्न फुल्यांनी पुढे ठेवला. घराघरातल्या ओवाळणीतून उचललेला पुरावा होता तो. बाहेरून आणला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

हा कागदाचा खेळ फुल्यांच्याही आधी तीनेकशे वर्षं खेळून झाला होता, आणि खेळणारा संत होता. एकनाथांच्या भारुडांत विंचू आहे, वासुदेव आहे, भवानी आईला रोडगा वाहणारी सासुरवाशीण आहे. ती सगळ्यांना ठाऊक असतात. पण नाथांनी एक अर्जही लिहिला आहे. ‘अर्जदस्त अर्जदार, बंदगी बंदेनवाज’ अशी त्याची सुरुवात. अर्ज परमेश्वराच्या दरबारी. अर्जदार आहेत जिवाजी शेखदार आणि बुधाजी कारकून. नेमणूक परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी. तक्रार अशी की, हुजुरांच्या हुकमानं इथं कामावर रुजू झालो, पण परगण्यात दंभाजी शेटे, कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी अशी मंडळी माजली आहेत आणि सरकारकाम बुडतंय.

परगणे शरीराबाद! पैठणच्या ज्या श्रोत्यानं आयुष्यात कधी मामलेदाराच्या ओसरीवर हात जोडून तिष्ठत वेळ काढला असेल, त्याला हे ऐकताना काय वाटलं असेल? जीव आणि शिव यांच्यावरचं निरूपण त्यानं शंभरदा ऐकलेलं. पण आपला जीव हा बदलीवर आलेला एक कनिष्ठ नोकर आहे, वरच्या साहेबाला फारशी माहिती नसताना इथले स्थानिक पुढारी त्याला छळतायत, हे कळायला त्याला कुठल्या टीकाग्रंथाची गरज पडली नसणार. फारसी वळणाची दप्तरी भाषा राज्यकर्त्यांची, दरारा त्या भाषेचा, आणि नाथांनी ती अलगद उचलून देवाच्या दाराशी नेऊन उभी केली. गंमत अशी की आजही कुठल्या कचेरीत अर्ज खरडताना ‘महोदय’च्या खाली पेन अडखळलं की मला हा जिवाजी शेखदार आठवतो.

माझं मूळ शिक्षण मात्र पुस्तकातलं नाही, जत्रेतलं आहे. कार्तिक सरला की तळकोकणात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेला दशावतार ठरलेला. पालखी फिरून आली, बायकांच्या ओट्या भरून झाल्या, खाजं-शेवाचे लाडू घेऊन झाले की अकरा-बाराच्या सुमाराला मंडपात पेटीचा सूर लागतो. पडदा नाही, रंगवलेलं राजवाड्याचं दृश्य नाही; एक बाकडं. ते सिंहासन, तेच कैलास, तेच राणीचा महाल. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. बायकांची पार्टं करणारे पुरुषच. पूर्वी ही मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायची, म्हणून आमच्याकडे म्हणतात, रातीक राजा आणि सकाळी डोक्यार बोजा.

मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, सरस्वती येते. इथवर सगळं सोवळ्यातलं. मांडीवर डोकं ठेवून पोरं पेंगायला लागतात. आजी मला कोपरानं ढोसायची, ‘‘गो, निजतंस काय? संकासूर येतलो आता.’’

आणि तो यायचा. अंगभर काळा पायघोळ, तोंडावरही काळंच, जीभ तेवढी बाहेर. वेद चोरणारा दैत्य. ब्रह्मदेवाकडचे वेद पळवले तर सृष्टीचं काय होईल, असा हा जगबुडीचा प्रसंग. पण देव आणि राजे ज्या जडशीळ संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात ती भाषा संकासुराला लागू नाही. तो मालवणीत बोलतो. एका जत्रेतला संवाद अजून कानात आहे. सूत्रधारानं विचारलं, तू कोण, कुठून आलास?

‘‘मी संकासूर. समुद्रातसून इलंय. येष्टी बंद असा, म्हणान चालत इलंय.’’

‘‘कशासाठी आलास?’’

‘‘वेद चोरूक. खंय ठेवलेसत?’’

‘‘सुरक्षित ठिकाणी ठेवले आहेत.’’

‘‘सोसायटीच्या कपाटात? मगे माका कित्याक बोलावलास? ते आदीच गेले.’’

मंडपात जो काही हशा फुटला! पुढच्या रांगेत पंचमंडळी बसलेली, त्यातले दोघे-तिघे हसले नाहीत, आणि त्यांच्या न हसण्याकडे बघून मागचे आणखी हसले. ही वाक्यं कुणी लिहून दिलेली नव्हती. दशावतारात संहिता नसतेच. खेळाच्या आधी रंगपटात सफेता लावता लावता कंपनीतला जाणता माणूस कथा सांगतो. आधी अमुक राजा, मग नारद, मग राणीचा विलाप, इथं पद, तिथं युद्ध. इतकंच. शब्द ज्याचे त्यानं आणायचे. रोज नवे आणायचे, कारण गाव रोज नवं असतं, आणि येष्टी कुठल्या गावाची बंद आहे हे संध्याकाळी चहाच्या टपरीवर चौकशी करून घ्यायचं असतं.

एका राजपार्टी करणाऱ्या कलाकाराला मी पुढे बऱ्याच वर्षांनी भेटले. मुगुट उतरवलेला, लुंगीवर, कपाळावर रंगाची किनार राहिलेली. मी म्हटलं, ऐन वेळी सुचतं कसं? त्याला प्रश्नच पटला नाही. सुचण्याचा संबंध काय, म्हणाला, वाचलेलं असतं. त्याच्या ट्रंकेत ‘पांडवप्रताप’ होता, ‘हरिविजय’ होता, पानं तेलकट झालेली. अडचण विनोदाची नसते, तो सांगत होता. समोर नारद करणारा मुरलेला असला आणि त्यानं भर प्रवेशात एखादं शास्त्र विचारलं, अमुक शाप कुणी कुणाला दिला होता आणि उःशाप काय होता, तर तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. अडखळलास की पुढचे म्हातारे घसा खाकरतात. तो खाकरा ऐकला की पाय थरथरतात.

श्रीधर स्वामींनी ‘हरिविजय’ १७०२ मध्ये पुरा केला आणि ‘पांडवप्रताप’ १७१२ मध्ये. तेव्हापासून श्रावणात, चातुर्मासात, कुणाच्या ना कुणाच्या पडवीत या पोथ्या वाचल्या जात आल्या. खाकरणारे म्हातारे तिथून आलेले असतात. ते हयात आहेत तोवर संकासुराला काय वाटेल ते बोलायची मुभा आहे, असं मला पुष्कळदा वाटतं. ज्या मंडपात मूळ कथा तोंडपाठ असलेले चाळीस जण बसलेत तिथं दैत्यानं सोसायटीचं कपाट काढलं तरी कथेला धक्का लागत नाही. नट कुठं सुटला, किती लांब गेला आणि परत कधी येतो, यावर चाळीस जणांचं लक्ष असतं. आणि तो परत येतोच. विष्णूच्या हातून मरतो, वेद सोडवले जातात, पहाटे दहीहंडी फुटते.

१९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’नं हाच मंडप उचलून मुंबईच्या नाट्यगृहात नेला. गंगाराम गवाणकरांचं लेखन, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. त्याचं आधीचं नाव होतं ‘आज काय नाटक होवचा नाय’, आणि खरं सांगायचं तर नाटकात घडतं ते एवढंच. कोकणातल्या एका गावची हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ लावायला बसली आहेत आणि तो काही केल्या नीट लागत नाही. पांडव आणि कौरव गावातलेच. त्यांची आपापसातली उणीदुणी, मानपान, कुणाला किती वाक्यं, सगळं द्यूतसभेत घुसतं. पाच हजारांच्या वर प्रयोग झाले, नाटक लंडनपर्यंत गेलं. तोवर मराठी नाटकात मालवणी बोलायची ती रामागड्यानं, चहाचा ट्रे आणता आणता. इथं धर्मराजच तीत बोलायला लागला.

आमच्या घरी त्याची कॅसेट होती. बाबा ती ऐकताना पुढचं वाक्य आधीच म्हणायचे आणि मग कॅसेटमधल्या माणसावर हसायचे, जणू त्यानं यांचं चोरलं.

आता थोडं पुण्याकडे वळते, कारण त्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये संपलं. देशभरातल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून बघितली गेली, आणि विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या माणसानं त्यात आयुष्य घातलं. शोधायचं काय होतं, तर मागे जाता जाता जास्तीत जास्त जिथवर पोचता येईल तो पाठ. या गाळणीतून काय काय बाहेर पडलं, ते बघण्यासारखं आहे. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, ही गोष्ट परिशिष्टात गेली. मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा पोर आंधळा’ म्हणाली, हे मुख्य पाठात नाही. आणि वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं कृष्णाचा धावा केला आणि कृष्णानं वस्त्रं पुरवली, तो सगळा भाग तळटिपांत आणि परिशिष्टात. मूळ पाठात एकामागून एक वस्त्रं निघत राहतात; कृष्ण नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कॅलेंडरावरचं, भजनातलं, मालिकेतलं, रक्षाबंधनाच्या दिवशी सांगायच्या त्या चिंधीच्या गोष्टीतलं महाभारत माझ्यापुरतं ज्या एका चित्रात सामावलं होतं, ते चित्रच नंतरचं. कुणी तरी, कधी तरी, त्या प्रसंगाशी येऊन थबकला असणार. एवढी वस्त्रं आली कुठून? आणि त्यानं कृष्णाला बोलावलं. आज आपण ज्याला मूळ म्हणून कवटाळतो ते त्याच्या काळी कुणाचं तरी धाडस होतं, आणि ऐकणाऱ्यांच्या मनाला ते इतकं पटलं की पुढच्यानं उतरून घेतलं. लक्ष्मणरेषेचंही तेच. वाल्मीकींच्या चिकित्सक पाठात ती नाही, आणि आज रामायणातून ती वगळून बघा.

म्हणून ‘मूळ कथेत असं नाही’ हे वाक्य मी आता जरा जपून उच्चारते.

पंडित कवींचं तर याबाबतीत विचारूच नका. बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली. कथा तीच. ती शंभरदा सांगायची म्हणजे सांगणाऱ्याला स्वतःचीच करमणूक करून घ्यायला हवी, म्हणून त्यांनी नाना अटी घालून घेतल्या. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरं वर्ज्य. प, फ, ब, भ, म बाद. क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. रामायण सांगायचं आणि राम म्हणायचं नाही! भरत गेला, लक्ष्मण गेला, मारुती आणि हनुमान दोन्ही नावांनी गेला, बिभीषण आणि कुंभकर्ण तर दाराशीसुद्धा उभे राहू शकत नाहीत. हाताशी उरते सीता, दाशरथी, लंका. भक्तीच्या भरात ज्याचं नाव घ्यायचं तेच टाळत अख्खी कथा तडीस न्यायची. शाळेत ‘केकावली’ शिकवताना कुणी हे सांगितलं असतं तर मोरोपंतांना आम्ही इतके भ्यालो नसतो.

पण हे सगळं झालं पुराणाचं. इतिहासाला हात लावला की वारं बदलतं. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिल्यांदा झालं. खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन सगळ्यांतलं थोडं थोडं घेऊन बांधलेलं, माणसांचीच भिंत आणि माणसांचाच पडदा असलेलं ते नाटक. तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नव्हे. उपयोग झाला नाही. नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून विरोध झाला, एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबलं, मग नवी संस्था काढून मंडळींनी पुन्हा उभं केलं, आणि १९८० मध्ये परदेशी न्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा रणकंदन. यातली एक बारीक गंमत अशी की नानांनी स्वतःच आत्मवृत्तपर टिपणात तारुण्यातल्या मोहांविषयी मोकळेपणानं लिहून ठेवलेलं आहे. त्यांना स्वतःला जे लिहायला संकोच वाटला नाही ते दोनशे वर्षांनी दुसऱ्यांना ऐकवेना.

भीमानं मालवणीत कुरकुर केली तर चालते आणि नाना नाचले तर चालत नाही, असं का? मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं आहे. एक म्हणजे भीमाचे वारस आपण सगळेच, त्यामुळे दावा लावणार कोण. नानांच्या बाजूनं आणि विरुद्ध बोलणारे मात्र हाडामांसाचे, आजच्या वाड्यातले आणि आजच्या वस्तीतले. दुसरं असं की पुराणाला खाकरणारे म्हातारे होते. इतिहासाला तसे नाहीत. बखर, पत्रव्यवहार, मोडी दप्तरं ही जत्रेत कधी वाचली गेली नाहीत. आपल्याला इतिहास कळला तो चौथीच्या पुस्तकातून, कादंबऱ्यांतून आणि सिनेमातून, म्हणजे एकच सरळ रेघ. तिच्यापासून नट किती लांब गेला हे मोजायला आपल्याजवळ माप नाही, म्हणून तो एक पाऊल हलला तरी पोटात गोळा येतो.

तरी एक अपवाद माझ्या डोळ्यांदेखत घडला. २०१२ च्या सुमाराला ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आलं. संभाजी भगतांची कल्पना आणि संगीत, राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन. करणारी पोरं जालना जिल्ह्यातली, शेतीभातीतली. महाराजांना न्यायला साक्षात यम येतो, आणि महाराजांबरोबर त्यांचे विचारही न्यायचे तर ते नेमके हरवतात. मग यम ते शोधत पृथ्वीवर हिंडतो. यमाची ती त्रेधा बघताना माझ्या शेजारचे गृहस्थ मांडीवर थापा मारत होते. पुढे दोन शाहिरांची पोवाड्यातून जुगलबंदी होते, कुणाचा शिवाजी खरा यावर, आणि तिथं प्रेक्षागृह असं चिडीचूप झालं की पंख्याचा आवाज ऐकू यावा. हे नाटक पचलं, उचललं गेलं, गावोगाव बोलावलं गेलं. मला वाटतं, करणाऱ्यांना महाराजांबद्दल जे बोलायचं होतं त्याचा पाठ पक्का होता. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका म्हणणारी ती पत्रं त्यांनी वाचली होती. यम हा खोडसाळपणा, पत्रं नव्हेत.

हल्ली भाचा फोनवर एकेक दाखवत असतो. संगणकानं बनवलेले मावळे गडावरून ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणत व्हिडिओ काढतायत. दिसायला सगळे गोरेगोमटे, दाढी कोरलेली, आणि मागचा पन्हाळा बघावा तर त्यावर राजस्थानी छत्र्या. पाच सेकंद मौज वाटते. कुरुक्षेत्रावर संजयला बातमीदार करणं हाही विनोद आता इतका वापरून झालाय की धृतराष्ट्रानंसुद्धा चॅनेल बदलावं. माझी तक्रार अपमानाची नाही, आळसाची आहे. ज्यानं हे केलं त्याला मावळ्यांविषयी आपल्याइतकंच, किंवा थोडं कमीच, ठाऊक आहे, हे लगेच कळतं.

पण मध्ये त्यानं एक दाखवलं आणि मी ते लागोपाठ पुन्हा लावायला सांगितलं. कुणी चार-पाच पोरांनी खोलीत, चादरी गुंडाळून केलेलं. अज्ञातवास सुरू झालाय, पांडव विराटाच्या दरबारी नोकरी मागायला आलेत, आणि काउंटरवर एक कारकून बसलाय. आधार कार्ड? नाही. बरं, नाव? कंक. पुढचा? बल्लव. पुढची? बृहन्नडा. ग्रंथिक, तंतिपाल, सगळे ओळीनं. कारकून मान वर न करता म्हणतो, पाचही जणांचं आधीचं आडनाव एकच लिहायचं का? मग तो अनुभवाचा दाखला मागतो. आधीचे मालक कोण? पाचही जण एका सुरात: युधिष्ठिर.

इथं मी हसायची थांबले, कारण हे पोरांनी रचलेलं नव्हतं. विराटपर्वात ते खरंच असंच आहे. भीम सांगतो, मी युधिष्ठिराच्या मुदपाकखान्यात होतो. नकुल-सहदेव सांगतात, त्याच्याच घोड्यांची आणि गाईंची देखभाल करायचो. आणि खुद्द युधिष्ठिर सांगतो, मी युधिष्ठिराचा मित्र. सत्यवचनी धर्मराजानं स्वतःचीच शिफारस स्वतः करून नोकरी मिळवलेली आहे, आणि व्यासांनी ते गंभीर चेहऱ्यानं लिहून ठेवलंय! पोरांनी फक्त काउंटर मांडला. विनोद हजारो वर्षं तिथंच पडून होता, आणि त्यांना तो सापडला याचा अर्थ त्यांच्यातल्या एकानं तरी विराटपर्व नीट वाचलेलं आहे.

भाच्याला मी हे सांगितलं, त्याचा परिणाम असा झाला की यंदा आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांची नाटिका त्याच्या गळ्यात आणि म्हणून माझ्या गळ्यात पडली. विषय मुलांनीच काढला: वनवासात दुर्वास ऋषी दहा हजार शिष्य घेऊन अवेळी जेवायला येतात आणि द्रौपदी फोनवरून ऑर्डर देते. पहिल्या तालमीला सगळा विनोद डिलिव्हरीवाल्यावर. रस्ता सापडत नाही, काम्यकवनात नेटवर्क नाही, दहा हजार थाळ्यांवर सूट किती. बरं होतं, पण दहा मिनिटांत वाफ गेली.

सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला.

‘‘अरे, पण तिच्याकडे सूर्यानं दिलेली थाळी होती ना? ती जेवेपर्यंत संपत नाही. मग बाहेरून कशाला मागवते?’’

‘‘आजी, ती जेवून बसली होती. म्हणून तर.’’

‘‘हो, पण थाळीला भाजीचं एक पान चिकटलेलं राहिलं होतं. कृष्णानं तेवढंच खाल्लं आणि तिकडे नदीवर सगळ्यांची पोटं भरली. ते पान कुठाय तुमच्या नाटकात?’’

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, म्हणजे थाळी नीट घासलीच नव्हती! आणि पुढचा तासभर कुणी डिलिव्हरीवाल्याचं नावही काढलं नाही. थाळी घासायची पाळी कुणाची होती यावरून पाच पांडवांत जुंपली. भीम म्हणतो, मी स्वयंपाक केला, घासणार नाही. अर्जुन म्हणतो, माझा उजवा हात धनुष्यासाठी राखीव आहे. नकुल आणि सहदेव एकमेकांकडे बोट दाखवतात. युधिष्ठिर म्हणतो, आपण फासे टाकून ठरवू, आणि द्रौपदी एवढ्या जोरात ‘‘नाही!’’ म्हणून ओरडते की सोसायटीचे वॉचमनकाका धावत वर आले.

आता अडचण एकच. दुर्वास करायला सात जण तयार आहेत आणि शिष्य व्हायला कुणीच नाही. दहा हजार लागतात.